फुंकरीनं पेटणारी नऊ फुलं

पहिल्या पूर्ण चाचणीच्या रात्री पाच नंबरचं फूल भडकलं, तेव्हा त्याच्या समोरच्या कर्ण्यात कुणीच फुंकर मारलेली नव्हती. आम्ही सगळे दोरीच्या बाहेर उभे होतो. वाऱ्याची एक झुळूक आली, कर्ण्यात शिरली, आणि तीन मीटर उंचीवरच्या त्या पोलादी फुलातून 'धप्प' करून आगीचा गोळा वर गेला. दोन सेकंद सगळे गप्प. मग आमचा वेल्डर म्हणाला, "बघ, वाऱ्यालाही आवडलं."

मला मात्र हसू आलं नाही. आठ महिने आम्ही ज्या गोष्टीवर घाम गाळला होता ती अशी होती: अनोळखी माणसानं यावं, कर्ण्यात फुंकर घालावी आणि त्याच्या श्वासाएवढी आग उठावी. आणि आम्ही आगीची किल्ली दिली होती वाऱ्याला!

कल्पना सुचली होती ती 'फुंकर' या शब्दावरूनच. दिवा फुंकरीनं विझतो आणि निखारा फुंकरीनंच फुलतो. एकच कृती, दोन उलट परिणाम. उघड्या माळावर भरणाऱ्या एका कला महोत्सवानं मोठी शिल्पं मागवली होती. आम्ही प्रस्ताव पाठवला: वर्तुळात नऊ पोलादी देठ, प्रत्येकाच्या टोकाला फूल, आणि सात मीटर अलीकडे प्रत्येक फुलासाठी एक कर्णा. प्रस्ताव मंजूर झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी आम्ही पाचजण फार खूश होतो. आमच्यापैकी एकानंही तोवर गॅसची एक जोडणीसुद्धा केलेली नव्हती, हे इथेच सांगून टाकते.

म्हणून पहिले दोन महिने फक्त शिकण्यात गेले. अशी कामं जगात कोण करतं ते शोधताना अमेरिकेतल्या बर्निंग मॅनपाशी येऊन थांबावंच लागतं. १९८६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लाकडी माणूस जाळून सुरू झालेला तो मेळा १९९०मध्ये नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात गेला, आणि तिथे आगीची शिल्पं हा एक वेगळाच कलाप्रकार होऊन बसला. फ्लेमिंग लोटस गर्ल्स हा मुख्यतः बायकांनी चालवलेला गट २०००मध्ये सुरू झाला. त्यांनी २००६मध्ये 'सर्पंट मदर' नावाचं प्रचंड सापाचं शिल्प केलं. त्याच्या पाठीच्या कण्यातून ज्वाळा निघतात आणि त्या सोडायची बटणं प्रेक्षकांच्या हातात असतात. त्याची चित्रफीत मी किती वेळा पाहिली ते विचारू नका. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात बसली ती याहून जुनी आणि पुष्कळ साधी वस्तू. हाइनरिश रुबेन्स या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १९०५मध्ये एका लांब नळीला ओळीनं सुमारे २०० भोकं पाडली, आत गॅस भरला, भोकांवर ज्योती पेटवल्या आणि नळीच्या टोकाशी आवाज केला. आवाजाच्या लाटेप्रमाणे ज्योती उंचसखल झाल्या. आम्ही तशीच दीड मीटरची नळी सरावासाठी बनवली. तिच्यासमोर कुणी खोकलं तरी ज्योतींची रांग शहारायची. आग ऐकते, हे तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

आता गॅसबद्दल. इंधन म्हणून आम्ही प्रोपेन घेतला. तो उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणजे थंड रात्रीही सिलिंडरमधून वायू होऊन बाहेर येत राहतो. ब्यूटेन शून्याच्या जवळपासच हट्ट धरतो आणि द्रवच राहतो. वीस अंश तापमानाला प्रोपेनच्या सिलिंडरमध्ये साधारण ७ बार दाब असतो; एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब. एवढा दाब थेट फुलाला जोडायचा नसतो. रेग्युलेटर लावून तो ४ बारवर आणायचा आणि प्रत्येक देठाच्या बुडाशी असलेल्या दहा लिटरच्या टाकीत साठवायचा. या टाकीला आम्ही 'पोट' म्हणायचो. पोट आणि फूल यांच्यामध्ये सोलेनॉइड व्हॉल्व, म्हणजे कॉइलला वीज मिळाली तरच उघडणारी झडप. व्हॉल्व उघडला की पोटातला गॅस एकदम वर झेपावतो, टोकाशी सतत तेवणाऱ्या छोट्या पायलट ज्योतीला लागतो, आणि गोळा होतो. एका भडक्याला आमच्या हिशेबानं साधारण पाऊणशे ग्रॅम गॅस. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्याचा गोळा अडीच मीटर रुंद होतो आणि त्याचा धक्का छातीत बसतो.

पोटाची खरी गंमत निराळीच आहे. ते भरतं एका बारीक भोकातून, हळूहळू. त्यामुळे व्हॉल्व अडकून उघडाच राहिला तरी पहिल्या भडक्यानंतर त्या बारीक भोकातून येतो तेवढाच गॅस जळतो आणि ज्योत हातभर उरते. आगीची कमाल मर्यादा लोखंडातच ठरलेली. प्रोग्रॅम कितीही चुकू दे, पोटात आहे त्याहून मोठा भडका होऊच शकत नाही. या एका गोष्टीमुळे मला पुढे रात्री झोप लागली.

टाक्या मात्र आम्ही स्वतः वेल्ड केल्या नाहीत. आमच्या वेल्डरला ते जरा लागलं. त्याचा हात चांगला आहे, पण दाबाच्या भांड्यावर शिक्का लागतो आणि तो शिक्का हौसेनं मिळत नाही. शिक्क्याच्या टाक्या विकत घेतल्या. जोडणी पुरी झाल्यावर पाण्यानं भरून दीडपट दाबाला तपासल्या. पाण्यानं अशासाठी, की दाबाखालची हवा फुटली तर बॉम्बसारखी फुटते. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटलं तरी नुसतं गळतं.

वेल्डरचा मान राखला तो फुलांनी. प्रत्येक फुलाला सात पाकळ्या. वजन कमी राहावं म्हणून अॅल्युमिनियमच्या कराव्यात, असा माझा हट्ट होता. "६६० अंशांना वितळतं ते," तो म्हणाला. मी म्हटलं, आग दोन सेकंदांची, एवढं कुठे तापणार? एक फूल करून पाहिलं. सलग वीस भडक्यांनंतर सातही पाकळ्या मान टाकलेल्या. वितळल्या नव्हत्या, नुसत्या लवल्या होत्या, कारण धातू वितळण्याच्या पुष्कळ आधी ताकद सोडतो. त्यानं काही म्हटलं नाही. ते सुकलेलं फूल शेवटपर्यंत वर्कशॉपच्या दारावर टांगून ठेवलं, एवढंच. मग पाकळ्या झाल्या स्टेनलेसच्या. स्टेनलेस तापला की त्यावर रंग चढतात. आधी गवतासारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा. आम्ही रंग दिलेच नाहीत. आगीनं दिले, आणि नऊ फुलांना नऊ तऱ्हांचे दिले.

देठांसाठी कुणीतरी जस्ताचा मुलामा असलेले पाइप आणून दिले होते, फुकट. ते मात्र नाकारले. जस्त तापलं की त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की माणूस हुडहुडी भरून आडवा पडतो. फुकटच्या पाइपांवर पाणी सोडताना जीव तुटला, पण सोडलं.

आता टेफ्लॉनचा किस्सा. या प्रकल्पातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट, आणि दोष पूर्णपणे माझा.

आटे जोडताना गळती होऊ नये म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळतात. गॅससाठी जाड, पिवळी टेप येते. मी मन लावून गुंडाळत होते, अगदी पाइपाच्या तोंडापर्यंत. साबणाच्या पाण्याची चाचणी झाली, कुठे बुडबुडा नाही. रात्रभर दाब ठेवला, गेजचा काटा हलला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी आठ नंबरचं फूल भडकलं आणि मिटलंच नाही. हातभर ज्योत टोकाशी तशीच नाचत राहिली. आमची इलेक्ट्रॉनिक्सवाली मैत्रीण ओरडली, "कॉइल बंद आहे, वीज नाही!" वीज नव्हती आणि आग होती. मी आठ नंबरचा कॉक फिरवला, ज्योत हळूहळू बसली. व्हॉल्व उघडून पाहिला. आतला रबरी पडदा जिथे टेकतो त्या कडेवर पिवळ्या टेपची एक तार आडवी पडलेली होती, पापणीच्या केसाएवढी. आटा आवळताना पाइपाच्या तोंडावरची टेप कापली गेली, तुकडा आत गेला, गॅसबरोबर वाहत वर आला आणि नेमका झडपेच्या फटीत बसला.

ती तार मी चिमट्यात धरून उजेडात कितीतरी वेळ पाहिली. बाहेरून सगळं कोरडं, घट्ट, निर्दोष. आणि आत ही. त्या दिवसापासून टोकाचे दोन आटे उघडे ठेवूनच टेप. प्रत्येक व्हॉल्वच्या आधी बारीक जाळीचा गाळणा बसवला. आणि एकामागे एक असे दोन व्हॉल्व लावले, एकाच्या तोंडात कचरा अडकला तर दुसरा तरी मिटावा म्हणून. सगळ्या जोडण्या सोडून पुन्हा बांधायला नऊ दिवस लागले, देठामागे एक. कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पायलट ज्योतीचं प्रकरण वेगळं. ती विझली आणि व्हॉल्व उघडला तर न जळलेला गॅस बाहेर पडतो, आणि प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरून खोलगट जागेत साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते साडेनऊ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते. महोत्सवाच्या लोकांनी आम्हाला आधी जी जागा दाखवली ती दिसायला फार सुंदर होती, चारी बाजूंनी उतार, मध्ये बशीसारखा सपाट भाग. प्रेक्षक उतारावर बसतील, अशी त्यांची कल्पना. आम्ही ती नको म्हटली तेव्हा त्यांना वाटलं, कलाकारांचे नखरे. मग मी कागदावर बशी काढली आणि तिच्यात गॅस ओतून दाखवला, पेन्सिलीनं. जागा बदलली.

पायलट जिवंत आहे की नाही हे कळायला प्रत्येक ज्योतीत थर्मोकपल ठेवलं होतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापला की मिलिव्होल्टमध्ये वीज निर्माण होते. ती आहे तर ज्योत आहे. नसेल तर त्या फुलाचा व्हॉल्व उघडणारच नाही. कागदावर झकास. प्रत्यक्षात आम्ही जाड, मजबूत थर्मोकपल आणली होती आणि जाड वस्तू तापायला वेळ घेते तशी निवायलाही घेते. ज्योत विझल्यावर 'ज्योत विझली' हे यंत्राला कळायला अठरा सेकंद लागत होते. अठरा सेकंद यंत्र आठवणीवर जगत होतं. बारीक तारेची थर्मोकपल घातली, तेव्हा ते तीन सेकंदांवर आलं. पायलटभोवती भोकाभोकांचं पत्र्याचं कडं बसवलं, वारा अडेल पण हवा मिळेल असं. त्या कड्याचे सहा नमुने झाले. पाचवा उत्तम चालला. सहावा का केला, ते आता आठवत नाही.

आता पुन्हा वाऱ्याकडे येते.

कर्ण्याला तोंड लावायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. हजारो माणसांनी एकाच नळीला ओठ लावणं बरं नव्हे. म्हणून तोंड रुंद, वीतभर दुरून फुंकायचं. आत दाब मोजणारा एक नाजूक सेन्सर. पण ज्या कर्ण्यात वीतभरावरची फुंकर शिरते त्यात वाराही शिरतोच. आधी आम्ही उंबरठा वाढवून पाहिला, म्हणजे जोरदार फुंकर असेल तरच आग. परिणाम असा, की धिप्पाड माणसंच फुलं पेटवू शकत आणि आमच्यातली सगळ्यात लहानखुरी मैत्रीण तोंड लाल होईपर्यंत फुंकत राहिली. फुंकर ही काही ताकदीची गोष्ट नाही. ते चुकत होतं.

उपाय तिनंच काढला. त्याच खांबावर, कर्ण्याच्या पाठीला, उलट्या दिशेला दुसरा सेन्सर बसवला, जाळीआड. वारा आला की दोन्ही सेन्सर एकदम थरथरतात. माणसानं फुंकलं की एकच. दोन्हींमधला फरक तेवढा मोजायचा. शिवाय वाऱ्याची सुरुवात आणि माणसाच्या फुंकरीची सुरुवात यांत फरक असतो. वारा रेंगाळत वाढतो, फुंकर एकदम उभी राहते आणि मग ओसरत जाते. तिनं आम्हा सगळ्यांच्या चारशे फुंकरी नोंदवल्या आणि त्यांचे आलेख भिंतीवर चिकटवले. माझी फुंकर मध्येच अडखळते, हे मला त्या भिंतीवरून कळलं.

तरीही मला ते पुरेसं वाटेना. मग कर्ण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या दोन तांब्याच्या पट्ट्या लावल्या. दोन्हींवर हात ठेवलेले असतील तरच फुंकर मोजली जाते. वाऱ्याला हात नसतात. आणि फुंकणाऱ्याचे दोन्ही हात कुठे आहेत, हेही आपोआप ठरून जातं.

सुरक्षा तपासणीला दोघं आले. अशा कामासाठी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं एनएफपीए १६० नावाचं मानक आहे, प्रेक्षकांसमोर ज्वाळांचे प्रयोग करण्याबद्दलचं. आम्ही त्याचा आधार घेऊन कागद तयार केले होते. मला वाटलं होतं, ते कागद बघतील. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "मुख्य कॉक कुठे आहे? डोळे मिटून जा." मी डोळे मिटून गेले. पायऱ्या नाहीत, वायर आडवी नाही, अकरा पावलं. मग त्यांनी तांबडं आणीबाणीचं बटण दाबलं आणि विचारलं, हे प्रोग्रॅमला सांगतं का? नाही, ते कॉइलची वीजच तोडतं; प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. हे उत्तर त्यांना आवडलं. मग कपडे. सिंथेटिक काही नको, ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती आणि चामडं. केस बांधलेले. ड्यूटीवरच्या माणसानं दारूचा थेंबही घ्यायचा नाही. शेवटी एक प्रश्न असा: "जोडणीतून गळणारा गॅस पेटला, समोर अग्निशामक आहे. काय कराल?" आमच्यातला एकजण पटकन म्हणाला, "विझवू." चूक. आधी कॉक बंद. ज्योत विझवली आणि गळती चालू राहिली तर गॅस न दिसता पसरतो. जळतोय तोवर निदान कुठे आहे ते दिसतं.

त्यांनी एक गोष्ट वाढवून घेतली, आणि मी तिच्यावरून त्यांच्याशी तासभर भांडले. त्यांचं म्हणणं, शिल्पाकडे सतत पाहणारा एक माणूस हवा आणि त्याच्या हातात एक बटण हवं. ते त्यानं दाबून धरलं असेल तोवरच फुलं पेटतील. अंगठा उचलला की सगळं मेलं. माझं म्हणणं, मग हे शिल्प प्रेक्षकांचं कसं राहिलं? दोन सेन्सर, तांब्याच्या पट्ट्या, थर्मोकपल, एवढं करूनही शेवटी आगीवर अंगठा आमचाच! त्यातली वयस्क बाई शांतपणे म्हणाली, "कुणी दोरी ओलांडून पळत आत शिरलं, तर तुमचा सेन्सर काय करील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बटण आलं.

महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी अंगठ्याची पाळी माझीच होती. उजेड होता तोवर काही मजा आली नाही, दिवसाउजेडी ज्वाला पाण्यासारखी फिकट दिसते, लोक येऊन नुसती उष्णता घेऊन जात. अंधार पडला आणि चित्र बदललं. मोठ्या भडक्यात गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, काजळीचे कण तापून उजळतात, म्हणून ती ज्वाला पिवळी-केशरी दिसते. निळी ज्योत कार्यक्षम खरी, पण तिच्याकडे बघायला कोण येणार?

लोक कसे फुंकतात, हे पाहण्यासारखं होतं. बहुतेकजण पहिल्यांदा जीव खाऊन फुंकतात, आग उठते तशी दचकून मागे होतात आणि हात सुटतात, की आग मिटते. दुसऱ्या वेळी हळू फुंकतात. तिसऱ्यांदा लांब. फुंकर लांब तर ज्वाला लांब, जास्तीत जास्त दोन सेकंद. फुंकर आणि आग यांच्यामध्ये सुमारे पाव सेकंद जात होता. आधी तो पाऊण सेकंद होता आणि तेव्हा लोकांना ती आग आपली वाटतच नव्हती. ते इकडेतिकडे बघत, कुणी पेटवलं म्हणून. त्या अर्ध्या सेकंदासाठी आम्ही व्हॉल्व फुलाच्या जवळ नेले होते, केबल लांबवल्या होत्या आणि दोन आठवडे घालवले होते.

साडेनऊच्या सुमाराला नऊही कर्ण्यांवर माणसं होती, एकमेकांना न ओळखणारी. कुणीतरी "एक, दोन..." असं मोजायला लागलं. कुणी सांगितलं नव्हतं. तीनला नऊही फुलं एकदम उठली. जमिनीतून तळपायांना कळलं. मागचा सगळा अंधार क्षणभर माणसांच्या चेहऱ्यांनी भरून गेला आणि पुन्हा रिकामा झाला. त्यानंतर रात्रभर मोजणीच चालू राहिली.

आणि त्यामुळेच दुसऱ्या रात्री आम्ही अडकलो. सगळी पोटं एकदम रिकामी होत होती, भरायला सिलिंडरांमधून गॅस ओढला जात होता, आणि द्रवाचा वायू होताना तो उष्णता मागतो ती सिलिंडरच्या अंगातून. अकरा वाजता हात लावला तर चारही सिलिंडर बर्फासारखे, खालच्या अर्ध्या भागावर पांढरं दव गोठलेलं. द्रव शून्याच्या आसपास उतरला की त्याचा दाब पावणेचार बारच उरतो, मग ४ बारचं पोट भरायचं कसं? फुलं केविलवाणी भकभकायला लागली. एक भला माणूस म्हणाला, हीटर आणू का? त्याला नम्रपणे दूर नेलं. आणखी चार सिलिंडर जोडले, म्हणजे प्रत्येकावरचा ओढा निम्मा. टबांत कोमट पाणी ओतून त्यांत सिलिंडर उभे केले. आणि दोन भडक्यांमधली सक्तीची विश्रांती आठ सेकंदांवरून पंधरावर नेली. लोकांना वाटलं, शिल्प श्वास घेतंय. आम्ही ते तसंच वाटू दिलं.

तिसऱ्या रात्री वारा होता. ताशी ३० किलोमीटरच्या वर वारा गेला की बंद, हे आम्हीच लिहून दिलं होतं, आणि हातातलं वायुमापक ३४ दाखवत होतं. रांगेत दीडशे माणसं. पहिल्या चाचणीच्या रात्री मी वाऱ्यावर चिडले होते. त्या रात्री रांगेवर चिडले. "एकदाच, पटकन," असं प्रत्येकजण म्हणतो. एका लहान मुलीनं मात्र माझ्या हातातल्या बटणाकडे बघून विचारलं, "हे फुंकरीनं पेटतं की तुझ्या अंगठ्यानं?"

"दोन्हींनी," मी म्हटलं.

"मग तुझ्याशिवाय नाही पेटत?"

"आणि तुझ्याशिवायही नाही."

तिला ते पटलं नाही. मला तरी कुठे पूर्ण पटलं होतं? पण तपासणीच्या दिवशी घातलेलं भांडण मी त्या रात्रीनंतर मनातल्या मनात मागे घेतलं. कारण तासाभरानं वारा पडला, शिल्प सुरू झालं, आणि साडेअकराला एकाची टोपी उडून दोरीच्या आत गेली. तो माणूस दोरीखालून वाकून तिच्यामागे धावला. दोन नंबरच्या कर्ण्यावर त्याच क्षणी एक बाई डोळे मिटून फुंकत होती, अगदी लांब, सुरेख फुंकर. माझा अंगठा माझ्याआधी उठला. दोन नंबरचं फूल उघडलंच नाही. बाईनं डोळे उघडले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "माझं का नाही पेटलं?" तो माणूस टोपी झटकत बाहेर आला. त्याला काहीच कळलं नव्हतं. मी खाली बसले आणि पुढची पाळी दुसऱ्याला दिली.

शेवटच्या रात्री सामान आवरायच्या आधी नळ्यांमधला गॅस जाळून संपवायचा असतो. सिलिंडरांचे कॉक बंद करायचे, मग फुलं एकेक करून उघडायची, आत उरलेलं जळून जाऊ द्यायचं. प्रेक्षक गेले होते. एक नंबरपासून सुरुवात केली. भडका नाही, नुसती कमी कमी होत जाणारी ज्वाला. पुरुषभर, हातभर, वीतभर, मग पाकळ्यांच्या आत नुसता उजेड. पाच नंबरपाशी आमची इलेक्ट्रॉनिक्सवाली कर्ण्यासमोर जाऊन उभी राहिली, हात पट्ट्यांवर. "प्रोग्रॅम बंद आहे," मी म्हटलं. "माहीत आहे," ती म्हणाली, आणि तरी फुंकली. आठ नंबर सगळ्यात जास्त वेळ चालला. वेल्डर म्हणाला, टेप अडकली असेल. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. नऊ संपल्यावर पायलटचा कॉक फिरवला, गेजचा काटा शून्यावर आल्याचं दोघांनी पाहिलं आणि मी वहीत लिहिलं: सगळे कॉक बंद, दाब शून्य, ४ वाजून ४० मिनिटं. पाकळ्या अजून एवढ्या गरम होत्या, की सोडायला उजाडेपर्यंत थांबावं लागलं.